लस्कोम्ब ८ए घेताना पैसे बुडतात ते पंखाच्या आत

अमेरिकेत विक्रीला येणारं १९४६चं लस्कोम्ब ८ए हे छोटं विमान दिसायला देखणं असतं: शेजारी-शेजारी दोन जागा, सबंध पत्र्याचा सांगाडा, ६५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल ए-६५ इंजिन. ताजा रंग, नुकतीच सही झालेली वार्षिक तपासणी आणि 'ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त केल्यावर) फक्त १५० तास' एवढ्यावर खरेदीदार भुलतो, अर्धा तास उडवून बघतो आणि पैसे मोजतो. पुढच्या वर्षी दुसरा मेकॅनिक पंखाची झाकणं काढतो आणि विमान तिथेच जमिनीवर बसतं.

दोष असतो स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईत: गंज. हा गंज धातूच्या कणांच्या सीमांमधून आत पसरतो, त्यामुळे वरचा पृष्ठभाग बराच काळ ठीक दिसतो. निरोगी स्पारच्या कडेवर नख फिरवलं तर ते सरळ जातं. कुजलेल्याची कड फुगते आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे धातूचे पापुद्रे सुटतात, मध्ये करडी-पांढरी भुकटी दिसते. अशी कड घासून वर रंग फासला की वरवर बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. उंदरांची घरटी सापडली तर त्या जागी दुप्पट वेळ द्या, त्यांचं मूत्र ॲल्युमिनियम खातं. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचा, ९६-२४-१७ हा आदेश याच गंजाच्या तपासणीसाठी आहे. 'आदेश पाळला' एवढी एक ओळ पुरेशी मानू नका. नोंद कुणाची, कधीची, हे बघा आणि आरसा, टॉर्च, बोअरस्कोप (फटीतून आत बघायची दुर्बीण) घेऊन पुन्हा तपासून घ्या. हे काम विक्रेत्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे मुळीच देऊ नका.

'१५० तास' ऐकलं की विचारा, किती वर्षांत? वीस वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात सिलिंडर आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) गंजतात. शिवाय फक्त सिलिंडर बदलून 'ओव्हरहॉल' म्हणणारे पुष्कळ आहेत. क्रँकशाफ्ट तपासल्याचा कागद मागा. कॉम्प्रेशनची चाचणी, म्हणजे सिलिंडर हवा किती धरून ठेवतो हे बघणं, इंजिन गरम असताना, ८० पीएसआय दाबाची हवा देऊन घ्या आणि कान लावा: एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह गळतोय, ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) आली तर पिस्टनच्या रिंगा.

हे विमान उतरताना जमिनीवर गर्रकन फिरतं आणि चाकांना हिसका बसतो, म्हणून गालिचा उचलून चाकांचे पाय जिथे बसतात तो भाग बघा. रिव्हेटभोवती काळा ओघळ म्हणजे जोड हलतोय.

आणि कागद. क्रमांकाची पाटी लॉगबुकशी जुळवा. ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या नोंदणी कार्यालयातून विमानाचा पूर्ण दप्तर-इतिहास मागवा, त्यात मोठ्या दुरुस्त्यांचे ३३७ फॉर्म आणि थकीत कर्जाचा बोजा दोन्ही दिसतात. विसार द्यायचाच तर 'तपासणीत नापास झाल्यास परत' हे लेखी घेऊन, तोही एस्क्रोमार्फत, म्हणजे पैसे तिऱ्हाइताकडे ठेवून. विक्रीपत्रात 'आहे तसं, आहे तिथे' असं असेल तर सही केल्यावर भरपाई मागणं फार कठीण जातं.