फेअरी बार्ड, आठ महिन्यांनी: उडता येतं म्हणून फेदर फॉल (पडण्याचा वेग कमी करणारं स्पेल, म्हणजे मंत्र) सोडू नका

मागच्या महिन्यात डी अँड डी या फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळातली माझी फेअरी, म्हणजे बार्ड (गाण्यातून जादू करणारी) असलेली परी, पन्नास फुटांवरून खाली आली आणि थोडक्यात वाचली. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून आज लिहायला बसले.

डी अँड डीची पाचवी आवृत्ती, आमच्याकडे अजून २०१४ चेच नियम चालतात. फेअरी आधी २०२१ च्या 'विचलाइट' मोहिमेत आली आणि २०२२ मध्ये 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स'मध्येही. पहिल्या लेव्हलपासून तीस फूट उडता येतं, मध्यम किंवा जड चिलखत घातलं की उडणं बंद. शिवाय काही स्पेल्स आपोआप मिळतात: ड्रुइडक्राफ्ट (निसर्गाची छोटी जादू), तिसऱ्या लेव्हलला फेअरी फायर (शत्रूंना उजेडाने उठून दाखवणारं), पाचव्याला एनलार्ज-रिड्यूस (मोठं-लहान करणारं). हे सगळं तुम्हाला ठाऊकच असेल.

सुरुवातीला माझी निराशा झाली होती. परी म्हटल्यावर मुठीत मावेल एवढी डोळ्यासमोर येते. २०२१ च्या चाचणी मसुद्यात तर फेअरीला एक इंचाच्या फटीतून जाता यायचं. छापील पुस्तकातून ते गेलं. आता ती हाफलिंग या बुटक्या जातीच्या मापाची, नकाशावर अख्खा पाच फुटांचा चौकोन अडवणारी. दाराखालच्या फटीतून निसटायचे माझे सगळे बेत पहिल्याच रविवारी बारगळले. याचा राग अजून आहे.

पण एकदा हवेत गेल्यावर हे सगळं विसरायला झालं. माझ्या मिनीच्या (पात्राच्या छोट्या पुतळीच्या) पायाशी आम्ही एक फासा ठेवतो. जितके ठिपके, तितके दहा फूट उंची. आधी स्टीलच्या वाट्या उपड्या घालून त्यावर मिनी ठेवायचो, पण कुणाचा हात लागला की सगळं गडगडायचं. फासा बरा. छोटं धनुष्य ऐंशी फुटांपर्यंत बिनत्रास लागतं, त्यामुळे ओगर (राक्षस) खालून दात-ओठ खात राहायचा आणि मी वरून बाण सोडायचे. सात महिने मला वाटत होतं की यापेक्षा चांगली निवड होऊच शकत नाही.

त्यात फेअरीचा प्रकार फे (परीलोकातला जीव), ह्युमनॉइड (माणसासारखा) नव्हे. त्यामुळे चार्म पर्सन (मोहिनी घालणारं) आणि होल्ड पर्सन (जागीच खिळवणारं) ही स्पेल्स तिच्यावर चालत नाहीत. आमच्यातल्या एकाला वाटत होतं की मग क्युअर वूंड्स हे जखमा भरणारं स्पेलही चालणार नाही. तसं नाही, ते फक्त अनडेड (उठलेली मढी) आणि कन्स्ट्रक्टवर (जादूचे पुतळे) चालत नाही. पार्टीतल्या, म्हणजे आपल्या गटातल्या, क्लेरिकला (बरं करणाऱ्या पुजाऱ्याला) हे आधीच सांगून ठेवा.

आता तो दिवस. पडक्या देवळात कल्ट फॅनॅटिक (पंथवेडा पुजारी), सोबत चार चेले. मी फासा पाचावर ठेवला, फेअरी फायर टाकलं, पाचही जण जांभळ्या उजेडात न्हाऊन निघाले, आमच्या प्रत्येक वाराला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा). फॅनॅटिकने माझ्यावर होल्ड पर्सन टाकलं, ते वाया गेलं. मी निर्धास्त. पुढच्या फेरीत त्याने कमांड टाकलं. पहिल्या लेव्हलचं साधं स्पेल, साठ फुटांचा पल्ला, एकच शब्द: 'लोळ!' डीसी (वाचायला लागणारा आकडा) फक्त ११ होता, माझा विज्डम सेव्ह (बचावाचा फासा) ९ आला. माझी पाळी आली आणि माझी फेअरी हवेतच आडवी झाली. उडणारा प्राणी आडवा झाला, त्याला हॉवर (हवेत एका जागी तरंगणं) येत नसेल आणि त्याला जादूने कुणी तोललेलं नसेल, तर तो पडतो. मसुद्यातल्या फेअरीला हॉवर होतं, छापील फेअरीला नाही.

डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पायाशी पाच दाखवणारा फासा उचलला, त्यात आणखी चार घातले आणि टाकले. एकवीस. माझे एचपी (जीव मोजणारे गुण) सतरा. मी शून्यावर, फेअरी फायर टिकवून ठेवणारं कॉन्सन्ट्रेशन गेलं, जांभळा उजेड विझला आणि बाकीच्यांचा ॲडव्हान्टेजही माझ्याबरोबरच गेला. क्लेरिकने हीलिंग वर्ड हे बरं करणारं स्पेल टाकलं म्हणून आज ती आहे.

चीड याची आली की फेदर फॉल बार्डच्याच यादीत आहे. पहिल्या लेव्हलचं स्पेल, रिॲक्शनने (काही घडताच झटकन) टाकायचं, आणि 'लोळ' हा हुकूम रिॲक्शन काढून घेत नाही. चौथ्या लेव्हलला बार्डला मोजून सात स्पेल्स. त्यातलं एक पडण्यावर कशाला खर्चायचं, मला तर उडता येतं, असा मी हिशोब केला होता. तो साफ चुकला. जमिनीवर चालणारा फायटर 'लोळ' ऐकून फार तर गुडघे खरचटून घेईल. पन्नास फूट पडायची वेळ उडणाऱ्यावरच येते. लेव्हल ५ होताच मी हीरोइझम काढून फेदर फॉल घेतलं. ज्याच्या क्लासला (पात्राच्या पेशाला) ते मिळत नाही त्याने फेअरी घेण्याआधी पार्टीतल्या विझार्डला विचारावं, आणि त्याच्या साठ फुटांच्या आतच उडावं.

माझी खेळण्याची तऱ्हाही त्या दिवसापासून बदलली. आजी विहिरीवरच्या साती आसरांबद्दल सांगायची: शेंदूर लावलेले सात दगड, तिथे वेडंवाकडं बोलायचं नाही, काही उचलायचं नाही. स्कॉटलंडमधल्या लोककथांत फेअरींबद्दल हीच भीती आहे, तिथे त्यांना जपून 'भली माणसं' म्हणतात. आधी माझी फेअरी गोड बोलायची, गिरक्या घ्यायची. आता ती कुणाचं फुकट घेत नाही आणि कुणाला फुकट देत नाही. क्लेरिकच्या त्या हीलिंग वर्डची परतफेड तिच्याकडून अजून व्हायची आहे, आणि ती काय असेल ते तिने क्लेरिकला सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी त्याने दोनदा विचारलं. मी फासा दोनावर ठेवला आणि गप्प राहिले.