सायबरपंक २०७७: आठ महिने खेळून झाल्यावर, मुख्यतः मेट्रोबद्दल

संगणकाचं ग्राफिक्स कार्ड बंद पडलं नसतं तर हे लिहायला बसलेच नसते. गेल्या महिन्यात 'सायबरपंक २०७७' हा व्हिडिओ गेम ऐन रंगात असताना कार्डाचा पंखा घरघरायला लागला, पडदा काळा झाला आणि सगळं थांबलं. तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानात नेलं. त्यांनी स्क्रूसुद्धा न काढता सांगितलं, "मॅडम, कार्ड गेलं, नवीनच घ्या." मग सर्व्हिस सेंटर. तिथे तीन आठवडे पडून राहिलं आणि 'वॉरंटी संपली आहे' असा शेरा मारून जसंच्या तसं परत आलं. शेवटी कोथरूडमध्येच घरी दुरुस्तीची कामं करणाऱ्या एका मुलाने साडेसहाशे रुपयांत पंखा बदलून दिला. कार्ड ठणठणीत आहे. पहिल्या दुकानदाराचं ऐकलं असतं तर हकनाक वीसेक हजार गेले असते, याचा राग अजून गेलेला नाही.

त्या तीन आठवड्यांत मला गोळीबार आठवला नाही, हातांतून तलवारीसारखी बाहेर येणारी मँटिस ब्लेड्स आठवली नाहीत. आठवण यायची ती खेळातल्या नाइट सिटी या शहराच्या मेट्रोची. खिडकीशी बसून शहर बघत जाणं, एवढंच.

हा खेळ माहीत नसलेलं कुणी हे वाचत असेल असं वाटत नाही, त्यामुळे कथानक सांगत बसत नाही. पण चाहत्यांना नक्की काय हवं होतं ते आठवून बघा. २०१२ मध्ये घोषणा झाली. जून २०१८ च्या ट्रेलरची सुरुवातच व्ही, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, ट्रेनमधून शहरात येते तिथून होते. ऑगस्टमध्ये ४८ मिनिटांचा खेळ दाखवला गेला: भिंतींवर चढणं, कोळ्यासारखा रोबो, एकाच सौद्याचे अनेक शेवट. त्यावर आपण लोकांनी दोन वर्षं आपापल्या मनात एक खेळ रचला. १० डिसेंबर २०२० ला खरा खेळ आला तेव्हा भिंतींवरचं धावणं काढून टाकलेलं होतं, रोबो एका मिशनपुरता उरला होता, आणि मेट्रोची स्टेशनं म्हणजे नुसते फास्ट ट्रॅव्हलचे, म्हणजे क्षणात दुसरीकडे पोचण्याचे, ठिपके. गाडीत बसायची सोयच नाही. जुन्या कन्सोलवर तर इतकी दैना की आठवड्याभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने आपल्या स्टोअरवरून खेळ उतरवला, तो पुढच्या जूनमध्ये परत आला.

मी तेव्हा घेतला नाही. पूर्ण किंमत मोजून अर्धवट वस्तू घ्यायची नाही, हे आमच्या घरचं वळण आहे. वाट पाहिली आणि सेलमध्ये घेतला. तरी एक खर्च टळला नाही: २.० पॅचपासून, म्हणजे खेळाच्या त्या सुधारणेपासून, हार्ड डिस्कवर भागत नाही, त्याहून वेगवान एसएसडी लागते. ती घेताना जिवावर आलं.

दोन महिन्यांनी धाकट्या भावाने विचारलं, "ताई, वसूल झाला का?" तेव्हा मी म्हणाले होते, लढाई वसूल, शहर वसूल, मेट्रो उगाच. डिसेंबर २०२३ च्या २.१ पॅचमध्ये ती आली, पाच मार्गिका, एकोणीस स्टेशनं. पण गाडीत काही करता येत नाही. बक्षीस नाही, एक्सपी (अनुभवाचे गुण) नाही. दोन सेकंदांच्या फास्ट ट्रॅव्हलऐवजी काही मिनिटं बसून राहायचं. हे मत आता मी मागे घेते.

कारण कार्ड बंद असताना मी रोज वनाजहून आपल्या मेट्रोने जात होते. पुणेरी पगडीच्या घाटाची डेक्कनची स्टेशनं, खाली मुठेचं पात्र, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेले पापड. पौड रोडवर गाडी हाकताना आयुष्यात न दिसलेलं पुणे मला वरून दिसलं. तेव्हा लक्षात आलं की नाइट सिटीतही मी शहर बघतच नव्हते. गाडी भरधाव सोडायची, नकाशावरची पिवळी रेघ बघायची, गिग, म्हणजे छोटी कामगिरी, संपवायची. मेट्रोत रेघ नाही. रेडिओ लावायचा आणि बघायचं.

आणि बघण्यासारखं फार आहे. सायबरपंक या विज्ञानकथांच्या प्रकारात रात्र, पाऊस आणि निऑन एवढंच धरून बसलेल्यांनी २०१८ चा ट्रेलर भर उन्हातला म्हणून नाकं मुरडली होती. पण रचणाऱ्यांनी शहराच्या चार शैली ठरवल्या होत्या: एन्ट्रोपिझम म्हणजे गरिबीतली ठिगळं लावलेली निकड, किच म्हणजे भडक रंगांची हौस, निओमिलिटरिझम म्हणजे कॉर्पोरेट युद्धांनंतरचा थंड कडकपणा, आणि निओकिच म्हणजे श्रीमंतांनी मिरवलेली हौस. लाकूड, संगमरवर, खरं कातडं. गाडी एका भागातून दुसऱ्यात जाते तेव्हा हा बदल इमारतींवर वाचता येतो. पायी चालताना तो कधी जाणवला नव्हता.

खेळण्याबद्दलही बोलायला हवं. सप्टेंबर २०२३ च्या २.० ने चिलखताचे आकडे कपड्यांवरून काढून शरीरातल्या यंत्रांवर नेले, हे सर्वांत शहाणपणाचं काम. आधी जास्त आकड्यांसाठी विजोड टोपी आणि चड्डी घालून फिरावं लागे (१.६ मध्ये वॉर्डरोब, म्हणजे आकडे न बदलता कपडे बदलायची सोय, आली तोवर). ज्यावरून हे घेतलं तो टेबलावर बसून खेळायचा मूळ खेळ १९८८ चा, त्याचा पहिला नियमच असा की दिसणं आशयाच्या वर. तिथे आकड्यांसाठी गबाळं दिसणं हा अन्यायच होता. पोलीसही आता पाठीमागे हवेतून उगवत नाहीत, पाठलाग करतात.

एक निराशा मात्र कुठल्याच पॅचने भरली नाही. सुरुवातीला व्हीचं पूर्वायुष्य म्हणून नोमॅड (भटका), स्ट्रीट किड (गल्लीतलं पोर), कॉर्पो (बड्या कंपनीतला) यांतलं काहीही निवडा, थोड्याच वेळात तिघांची वाट एक होते आणि पुढे फक्त संवादांत एखादी ओळ वाढते. २००० साली आलेल्या 'डीयस एक्स' या खेळामध्ये पहिल्याच बेटावर आत शिरायच्या किती तरी वाटा होत्या; तसं स्वातंत्र्य इथे मला मेलस्ट्रॉम या टोळीशी होणाऱ्या सौद्यात पुरेपूर मिळालं. पैसे द्या, फसवा, कॉर्पोशी संधान बांधा, गोळ्या घाला, आणि नंतर त्याचे पडसादही उमटतात. ही तीच ४८ मिनिटांत दाखवलेली मिशन. बाकीचा खेळ तिच्या तोडीचा हवा होता, आणि ते मी आठ महिन्यांनीही विसरत नाही.

कार्ड परत बसवलं त्या रात्री एकही गिग केली नाही. स्टेशनवर गेले, गाडीत चढले आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहिले. भाऊ शेजारी येऊन बसला. म्हणाला, "उतरायचं नाही का?" म्हटलं, बस जरा, पुढच्या वळणावर समुद्र दिसतो.