‘विल्यम फिनले’चा संच: गेज अचूक, मोटार घाईची

मुंबईतल्या एका छोट्या वर्कशॉपने इंग्लंडमधल्या चुनखडकाच्या खाणीतलं ‘विल्यम फिनले’ हे वाफेचं इंजिन १:३० प्रमाणात, जोडायच्या संचाच्या रूपात बाजारात आणलंय. डब्यात अर्धा मिलिमीटर पितळी पत्र्याची लेझरने कापलेली चौकट, रेझिनचे छापील भाग (बॉयलर, टाक्या, चिमणी, घुमट), चार चाकं, साइड रॉड, एन-२० गिअर मोटार, ६०० मिलिमीटर सरळ रूळ आणि एक वॅगन मिळते. किंमत ६,८०० रुपये. सेल, चार्जर आणि रंग आपले आपण आणायचे. घ्यावा का? घ्यावा, पण डब्यातली मोटार आणि माहितीपत्रक दोन्ही बाजूला ठेवून.

आधी कौतुक, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. मूळ इंजिनाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ३ फूट सव्वादोन इंच, म्हणजे जवळजवळ ९७२ मिलिमीटर. आपल्या मीटर गेजपेक्षा जेमतेम २८ मिलिमीटर कमी आणि नेरळ-माथेरानच्या ६१० मिलिमीटरपेक्षा बरंच जास्त. असलं अडनिडं माप प्रचलित प्रमाणांत बसत नाही. १:७६ घेतलं तर पावणेतेरा मिलिमीटर येतं आणि १२ मिलिमीटरच्या रुळावर भागवावं लागतं. १:१९ घेतलं तर ५१ येतं, तसा रूळ कुठेच मिळत नाही. १:३० ला मात्र ३२.४ येतं, आणि ३२ मिलिमीटर हे ओ गेज या मॉडेल रेल्वेच्या प्रचलित रुळाचं माप. चूक उरते ०.४ मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारी. ज्याने हे प्रमाण निवडलं त्याने हिशेब नीट केलाय.

पत्रक लिहिणाऱ्याने मात्र केलेला नाही. खाणीच्या कंपनीच्या नावातला ‘ग्रेस्टोन’ हा शब्द वाचून त्याने ही खडी फोडणारी खाण ठरवली आणि वॅगनमध्ये भरायला काळ्या दगडाची कच दिली. सरे परगण्यातल्या बेचवर्थची डॉर्किंग ग्रेस्टोन लाइम कंपनी १८६५ साली उभी राहिली ती चुन्यासाठी. तिथला दगड म्हणजे नरम खडू, चुनखडकाचाच एक प्रकार. त्यातल्या राखाडी थरात चिकणमातीचा अंश असतो, त्यामुळे त्याचा चुना ओलाव्यातही धरतो, आणि अशा चुन्यालाच ग्रेस्टोन चुना म्हणतात. मुंबईच्या टेकड्यांमधल्या बेसॉल्टशी त्याचं काही नातं नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडणारी आहे. पत्रक म्हणतं की कंपनीची सगळी इंजिनं एकाच रुळावर धावत, आणि म्हणून पुढचा संच, ‘कॅप्टन बॅक्स्टर’, याच ३२ मिलिमीटर रुळावर चालेल. असं झालं तर ते चुकीचं इंजिन होईल. खाणीत एकाहून जास्त गेज होते आणि त्यामागे साधा हिशेब होता. शुद्ध चुनखडक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. १०० किलो दगडाचा कळीचा चुना उरतो ५६ किलो, बाकीचे ४४ किलो हवेत. हे ४४ किलो लांब वाहून नेण्यात कुणालाच रस नसतो, म्हणून भट्टी दगडापाशीच बांधतात. (चुनाभट्टी स्टेशनातून रोज जाणाऱ्यांसाठी आता नुसतं नाव उरलंय, भट्टी नाही.) बेचवर्थलाही दगड काढायची जागा ते भट्टी हा आतला छोटा प्रवास अरुंद गेजवर व्हायचा. तयार चुना मात्र देशभर जाणार, म्हणून भट्टीपासून बेचवर्थ स्टेशनपर्यंत, रीडिंग-रेडहिल मार्गाला जोडणारा १,४३५ मिलिमीटरचा स्टँडर्ड गेज. ‘विल्यम फिनले’ आणि त्याचं जुळं ‘टाउनसेंड हुक’ आतल्या रुळावरची, दोन्ही १८८० ची. ‘कॅप्टन बॅक्स्टर’ १८७७ चं, बाहेरच्या रुळावरचं. १:३० ला त्याचं गेज जवळपास ४८ मिलिमीटर होईल. वर्कशॉपला ते करायचंच असेल तर १:३२ आणि ४५ मिलिमीटर रूळ घ्यावा, तिथे ४४.८ चा हिशेब छान जुळतो. आताच सांगितलेलं बरं, साचे कापून झाल्यावर उपयोग नाही.

तिन्ही इंजिनं व्हाइटहेवनजवळच्या लौका कारखान्यात फ्लेचर जेनिंग्जने बांधलेली. चार चाकं, सगळी इंजिनाने फिरणारी, मागेपुढे टेकणारी चाकं नाहीत. कारण खाणीतला रूळ सतत उचलून पुढे सरकवला जातो; तो कधी नीट बसवलेला नसतो आणि वळणं आखूड असतात. याच कारखान्याने १८६४ आणि १८६६ मध्ये वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेची पहिली दोन इंजिनं दिली. ‘विल्यम फिनले’ आज त्याच रेल्वेच्या टाउइन इथल्या अरुंद गेजच्या संग्रहालयात आहे, म्हणजे एका अर्थी भावंडांच्या घरी. ‘टाउनसेंड हुक’ ससेक्समध्ये अँबर्लीला आहे. पत्रकात दोघांना एकाच ठिकाणी ठेवलंय. मापं घ्यायला कुणी जाणार असेल तर एक तिकीट वाया जाईल. ‘कॅप्टन बॅक्स्टर’ १९६० पासून ससेक्समधल्याच ब्लूबेल या जतन केलेल्या रेल्वेकडे. कंपनीचं आणखी एक इंजिन, १८७१ चं हेड राइटसनचं उभ्या बॉयलरचं, उत्तर इंग्लंडमधल्या बीमिशच्या संग्रहालयात आहे. त्याला कॉफी पॉट म्हणतात आणि दिसतंही तसंच. पत्रकात त्याचा उल्लेखच नाही.

आता जोडणी. पितळी चौकट ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने सहज जुळते. पत्रा आधी बारीक पॉलिश पेपरने घासून फ्लक्स लावायचा. आयर्न नसेल तर दोन ट्यूबवाला अरल्डाइट चालतो, पण मोटारीच्या बैठकीला सोल्डरच हवं.

खरी कसोटी चाकांची. साइड रॉड म्हणजे पुढचं आणि मागचं चाक जोडणारी पट्टी; ती चाकावरच्या ज्या खिळीला अडकते ती क्रँकपिन. दोन्ही बाजूंच्या क्रँकपिनमध्ये ९० अंशांचा फरक लागतो, आणि तो पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलवर तंतोतंत सारखा असावा लागतो. संचातले अ‍ॅक्सल साधे गोल, ३ मिलिमीटरचे. त्यांना खाच नाही आणि चाकं नेमक्या कोनात धरणारा साचा, म्हणजे जिगही दिलेला नाही. एका बाजूची दोन्ही चाकं आधी पक्की करा. दुसऱ्या बाजूची नुसती सरकवून ठेवा, गुण्यात धरून दोन्ही क्रँकपिन एकाच कोनात आणा, मग गोंदाच्या एकेका थेंबाने लॉक करा. कोन नेमका ९० न येता ८८ आला तरी चालेल, पण दोन्ही अ‍ॅक्सलवर ८८ च हवा. फरक पडला की इंजिन प्रत्येक फेरीत एकदा अडकून उडी मारतं, आणि मग बहुतेक जण मोटारीला दोष देतात. साइड रॉडची भोकं २ मिलिमीटरची आहेत, पिनही २ मिलिमीटरची. ती २.१ पर्यंत रीमरने मोकळी करावीच लागतात. गिअर एकाच अ‍ॅक्सलवर ठेवा. दुसरा अ‍ॅक्सल रॉडनेच फिरू द्या. दोन्हींना गिअर लावला की गिअर आणि रॉड एकमेकांशी भांडतात.

मोटार ६ व्होल्ट, मिनिटाला २०० फेऱ्यांची. बॉयलरमध्ये बसणाऱ्या एका १४५०० लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टवर ती अंदाजे १२० फेऱ्या देते. २५ मिलिमीटर चाकांवर याचा प्रमाणातला वेग ताशी १७ किलोमीटर होतो. सरकत्या, वाकड्या रुळावर दगड भरलेल्या वॅगनी ओढणाऱ्या इंजिनाला हा वेग शोभत नाही. १०० फेऱ्यांची तशीच मोटार लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. ती लावली की वेग साडेआठवर येतो आणि साइड रॉडची चाल दिसायला लागते. मोटारीचं माप आणि ३ मिलिमीटरचा डी आकाराचा शाफ्ट तोच, त्यामुळे काही कापावं लागत नाही.

रेझिनचे भाग छान छापलेत, फक्त टाक्यांच्या बाजू आतल्या अंगाला वळतात. वाफाळत्या पाण्यात मिनिटभर धरून सपाट काचेवर दाबून गार केल्या की सरळ होतात. हाताला चिकट लागल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन उन्हात ठेवा.

वजनासाठी टाक्यांत शिशाच्या गोळ्या भरायला सांगितल्यात. इथे पत्रकाने पांढरा गोंद सुचवलाय, तो मुळीच वापरू नका. त्यातल्या आम्लाने शिसं पांढरं पडून फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांत टाकी फाटते; मुंबईच्या दमट हवेत तर आणखी लवकर. इपॉक्सीत भरा, किंवा शिशाऐवजी स्टीलचे छर्रे घ्या. वजनाने दोन्ही अ‍ॅक्सलवर सारखा भार पडेल असं पाहा, नाहीतर इंजिन पुढे झुकतं.

पितळाला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा अस्तर, नसेल तर रंग नखाने निघतो. नागदेवी स्ट्रीटला मिळणारा साधा मेटल प्रायमर पितळावर भरवशाचा नाही. जून ते सप्टेंबर स्प्रे मारू नये. लॅकरवर पांढरं धुकं धरतं. मारायचाच असेल तर दुपारी, पाऊस उघडला असताना, पातळ हात द्यावेत.

चुन्याच्या खाणीतलं इंजिन कोळशाने काळं कमी आणि खडूने पांढरं जास्त होतं. चौकट, चाकं आणि वॅगनीच्या कडांवर ती धूळ हवी. शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो, पण रंगाच्या कामाला चालतो. पांढरी रांगोळी वापरली तर मलमलीतून चाळून घ्या, एरवी १:३० ला ती धूळ न वाटता वाळू वाटते. वरून मॅट वार्निश मारलं की पांढरेपणा निम्मा नाहीसा होतो, म्हणून पूड मनाला पटते त्यापेक्षा जरा जास्तच लावा. वॅगनमधली काळी कच फेकून द्या. त्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिसचे ओबडधोबड तुकडे किंचित राखाडी रंगवून, थोडे मोठे थोडे बारीक असे भरा.