करडईच्या तेलाने जाम झालेली .३१५ रायफल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बापूंची .३१५ रायफल जानेवारीत माझ्या परवान्यावर आली. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली की शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. बापू दोन्हींत बसत होते. रायफल इशापूरच्या शस्त्र कारखान्यातली, बांधा जुन्या लष्करी .३०३ चाच. .३०३ चं बोअर, म्हणजे नळीचं माप, आपल्यासारख्या नागरिकांना बंद, .३१५ ला परवाना मिळतो. आमचं शेत जिंतूर तालुक्यात. हरभऱ्यात रोही (नीलगाय) आणि भुईमुगात रानडुकरं दर वर्षी ठरलेलीच. जनावरावर गोळी चालवायची तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे रायफलीचा खरा वापर नेमबाजीच्या रेंजवरच होतो. तिथे आठ महिन्यांत ३४ गोळ्या झाल्या. पण त्याआधी ती चालती करण्यातच दीड महिना गेला, आणि मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे.

हातात आली तेव्हा वरून चकचकीत होती. नळीवर गंजाचा ठिपका नाही, लाकूड शाबूत. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मुठीचा दांडा, मात्र ओला चिखल ओढावा तसा मागे यायचा. मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेत, बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली आणि चाप ओढला. 'खट्' असा कोरडा आवाज यायला हवा होता. आला तो 'सुर्र' असा, म्हणजे फायरिंग पिन सरपटत पुढे जात होती. अशी पिन काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडाच्या स्फोटक टिकलीवर, नुसतीच टेकते, गोळी सुटत नाही. बोल्ट बाहेर काढायला बोल्टचं डोकं कडेच्या पट्टीवरून वर उचलावं लागतं, तेही हलेना.

मला वाटलं गंज आहे. रॉकेल सोडून तीन दिवस तशीच ठेवली. ढिम्म. चौथ्या दिवशी लाकडी हातोडी घेतली, तर ओसरीवरून बापू म्हणाले, "ठोकायलास कामून? मी तर दर अमावस्येला तेल देत होतो की तिला."

"कोणतं तेल, बापू?"

"घरचं. करडईचं, घाण्यावरचं. दुकानातल्या तेलाचा काय भरवसा?"

तिथे सगळा उलगडा झाला. करडई म्हणजे आमच्या भागाचं पीक. आमच्या रानात वर्षानुवर्षं परभणी कुसुम या वाणाची करडई पेरलेली, घरात भाजी-आमटीपासून लोणच्यापर्यंत तेच तेल. पण त्या तेलात लिनोलेइक आम्ल जवळजवळ तीन चतुर्थांश असतं, आणि अशी तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात. रंग आणि वार्निशात ती वापरतात ती याच गुणासाठी. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी जो पिवळा चिकट थर बसतो, नखाने खरवडला तरी निघत नाही, तोच थर या रायफलीच्या पोटात वीस-पंचवीस वर्षं चढत गेला होता. बापूंनी हयगय केली नव्हती. उलट इतक्या निगुतीने तेल दिलं होतं म्हणूनच ती बसली होती.

वाळलेल्या तेलावर रॉकेल चालत नाही, हे मला परवानाधारक दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं. त्यावर अॅसिटोन किंवा थिनर लागतो. हे काम अंगणात, चुलीपासून लांब करायचं, आणि थेंब लाकडावर पडू द्यायचा नाही, नाहीतर पॉलिश उतरतं. मी लाकडाला जुनं धोतर गुंडाळलं आणि ड्रॉपरने पट्टीच्या फटीत थोडं थोडं थिनर सोडत राहिलो. दर अर्ध्या तासाला, दिवसभर. संध्याकाळी बोल्टचं डोकं बोटाने उचललं गेलं. जोर लावावाच लागला नाही.

बोल्टच्या आतली पिन काढायला पुढून घालायची नळीसारखी खास चावी लागते. तिच्या नादाला घरी लागू नका. पक्कड लावून पिनेची मान वाकवलेली माणसं मला माहीत आहेत. मी बोल्ट आणि परवाना घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पिन बाहेर काढली तेव्हा स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये गुळाच्या पाकासारखा तांबूस थर होता. नखाने दाबला की खूण उमटायची. खरवडायला त्याने जुना तांब्याचा पैसा वापरला. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. स्प्रिंग धुतल्यावर आपली आपणच बोटभर लांबली. इतकी वर्षं ती त्या थरात आखडून बसली होती.

बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे ना, हेही त्याने पाहून दिलं. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट कितीही चपखल बसला तरी वापरू नये. काडतुसामागची जागा कमी-जास्त झाली की काडतुसाची केस, म्हणजे पितळी नळकांडं, फाटण्याचा धोका असतो.

नळीत आधी चेंबरच्या बाजूने किटलीभर उकळतं पाणी ओतलं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार नळीत राहतात, ते तेलाने जात नाहीत, पाण्याने जातात. मग पुलथ्रू (नळीतून ओढायची वजनदार टोकाची दोरी) आणि चिंदी, तीही चेंबरकडूनच. तोंडाकडून सळई घासत राहिलं की नळीचं तोंड झिजतं आणि नेम बिघडतो. शेवटी गन ऑइलचा एक हात, इतका पातळ की बोट फिरवलं तर ओलं लागू नये.

लाकडाला मात्र मी जवसाचं तेल दिलं. तेही वाळणारंच, पण लाकडाला तेच हवं असतं. तळहाताने चोळायचं, दोन दिवस थांबायचं, परत चोळायचं. पाच हात दिले. या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या वाळताना आतून तापतात आणि पेट घेऊ शकतात, मग आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा असेल तर विचारूच नका. मी त्या पाण्यात बुडवून मग उन्हात सुट्या पसरल्या.

आता वापराबद्दल. बोल्ट लोण्यासारखा चालतो. ३४ पैकी एकच काडतूस फुटलं नाही, तेही जुन्या साठ्यातलं. असं झालं की नळी निशाण्याकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं, बोल्ट लगेच उघडायचा नाही. गोळी उशिरा सुटू शकते. चाप जड आहे, तो तसाच ठेवला. मे महिन्यात रिकामी केस बाहेर येईना. केस ओढून काढणाऱ्या आकड्याची, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरची, चिमट्यासारखी दुमडलेली बारीक स्प्रिंग मोडली होती. भाग यायला पाच आठवडे लागले, आणि माझी खरी नाराजी तीच. सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत. ही रायफल घेणाऱ्याने एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंग आपल्या दुरुस्तीवाल्याकडे आधीच सांगून ठेवावी.

पावसाळ्यात एकदा चूक झाली. पंधरा दिवस ती कॅनव्हासच्या कव्हरमध्ये राहिली, आणि कापडाने ओल धरल्यामुळे मागच्या साइटजवळ (नेम धरायच्या खाचेजवळ) गंजाची तांबडी रेघ उठली. अगदी बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने घासल्यावर ती गेली. तेव्हापासून कव्हर फक्त प्रवासापुरतं. घरी ती लोखंडी कपाटात कुलपात असते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. महिन्यातून एकदा बाहेर काढून पुसतो.

त्या वेळी बापू शेजारी येऊन बसतात. पहिल्यांदा त्यांना बोल्ट मागेपुढे करायला दिला, तेव्हा चार-पाच वेळा करून पाहिला आणि म्हणाले, "घेतली तेव्हा अशीच वाजायची बघ." गन ऑइलची बाटली आता त्यांच्याच ताब्यात आहे. ते एकच थेंब चिंदीवर घेतात आणि बूच घट्ट लावून ठेवतात. पुढची साइट किंचित डावीकडे सरकलेली आहे, दिवाळीनंतर ती दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेणार आहे.