साइडवाइंडरवरचा एक हिवाळा: इंजिन यामाहाचं, अंग आर्क्टिक कॅटचं

यामाहा साइडवाइंडर एल-टीएक्स, निळी, सेकंड हँड. मी घेतली तेव्हा यामाहानं स्नोमोबाइलच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर करून झालं होतं, आणि जिच्या कारखान्यात ही गाडी जोडली गेली त्या आर्क्टिक कॅटचा मालक नुकताच बदलला होता. तरीही घेतली. आता बर्फ वितळायला लागलाय, गाडी धुऊन गॅरेजात लावलीय, म्हणून सवडीनं लिहितोय. मिनेसोटात नवीन आलेली आपली मंडळी दर हिवाळ्यात विचारतात की स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, घ्यायची तर कोणती, आणि पाठोपाठ विचारतात, "ती यामाहा आणि कॅटची भानगड काय होती?" दोन्हीचं उत्तर एकाच गाडीत आहे.

ज्यांनी स्लेड पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा (ट्रॅक), मध्ये इंजिन. गिअर बदलायचे नसतात, स्कूटरसारखा बेल्ट आणि दोन क्लच असतात. थ्रॉटल मुठीनं पिळायचा नाही, उजव्या अंगठ्यानं दाबायचा. पहिले काही दिवस संध्याकाळी चहाचा कपसुद्धा धरवत नाही इतका अंगठा दुखतो.

आता भानगड. मिनेसोटाच्या अगदी उत्तरेला रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्स अशी दोन लहान गावं आहेत. रोझोत पोलारिस ही स्लेडची कंपनी, थीफ रिव्हर फॉल्समध्ये आर्क्टिक कॅट. दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस, एडगर हेटीन. पोलारिस उभी करणाऱ्या तिघांतला हा एक. 1960 मध्ये अलास्कात बाराशे मैलांची स्लेडयात्रा करून आला, घरच्या भागीदारांशी पटेना, म्हणून बाहेर पडला आणि शेजारच्या गावात दुसरी कंपनी काढली. म्हणजे इथलं वैर भाऊबंदकीतलं आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. कॅटचा रंग हिरवा, यामाहाचा निळा; बापाची स्लेड हिरवी असेल तर पोराची हिरवीच. यामाहा यात 1968 ला एसएल 350 घेऊन आली. बाहेरची, पण तिनंही आपलं गोत जमवलं. यामाहावाल्यांचा अभिमान एकाच गोष्टीचा: इंजिन मरत नाही. बाकी बहुतेक सगळे टू-स्ट्रोकवर असताना 2003 च्या मॉडेलला यामाहानं आरएक्स-1 आणली, चार सिलिंडरची फोर-स्ट्रोक, आणि तिथून पुढे 'आम्ही वेगळे' हा भाव पक्का झाला.

आणि मग 2013 च्या सुरुवातीला बातमी आली की यामाहा आणि आर्क्टिक कॅट हातमिळवणी करतायत. यामाहा कॅटला फोर-स्ट्रोक इंजिनं देणार आणि कॅट आपल्या प्रोक्रॉस चेसिसवर यामाहाची गाडी बनवून देणार. 2014 च्या मॉडेलला एकीकडे यामाहाची एसआर वायपर, दुसरीकडे कॅटची 7000 मालिका, दोन्हींत तेच 1049 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन.

मी तेव्हा अमेरिकेत नव्हतो. पण माझ्या ट्रेलच्या (म्हणजे स्लेडसाठी आखलेल्या वाटेवरच्या) टोळीत त्या काळचे दोन्हीकडचे लोक आहेत, आणि वाटेतल्या कॅफेत सूप पिताना हा विषय निघाला की अजूनही आवाज चढतात. निळ्यांचं दुःख असं, की यामाहाची गाडी म्हणजे आडनाव राहिलं आणि घराणं गेलं. हिरव्यांचं दुःख असं, की आमच्या हलक्या अंगात हे लोखंडाचं धूड कोंबलं, आणि टू-स्ट्रोकच्या धुराचा वास गेला तर स्लेड कसली? 'यामाकॅट' हे नाव आधी शिवी म्हणूनच पडलं. टोळीतले एक आजोबा आहेत, पन्नास वर्षं हिरवं जॅकेट घालणारे. ते आजही माझ्या गाडीकडे बघून म्हणतात, "छान मांजर आहे, रंग तेवढा चुकलाय."

मला हे शुद्ध रक्ताचं प्रकरण कधी पटलं नाही. कॅटच्या गाड्यांत वर्षानुवर्षं सुझुकीची इंजिनं होती. पोलारिसमध्ये कित्येक दशकं जपानच्या फुजी हेवी इंडस्ट्रीजची, म्हणजे सुबारू बनवणाऱ्यांची. तिसरी, पिवळी स्की-डू कॅनडाची, तिचं रोटॅक्स इंजिन ऑस्ट्रियाचं. मग बाटलं कोण? चाकणच्या कारखान्यातून केटीएम बाहेर पडताना पाहिलेल्या पुणेकराला यात धक्का बसण्यासारखं काहीच नाही.

शिवाय दोघांनाही दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता. 1997 च्या सुमाराला अमेरिकेत वर्षाला दीड लाखाच्या वर स्लेड विकल्या जायच्या, 2013 पर्यंत तो आकडा पन्नास हजारांच्या आसपास आला होता. एवढ्याशा बाजारात नवी चेसिस काढायचा खर्च यामाहाला परवडेना. कॅटचं सुझुकीशी असलेलं जुनं नातं संपत आलं होतं आणि प्रदूषणाच्या नियमांत बसणारं मोठं फोर-स्ट्रोक इंजिन हवं होतं.

तर त्या सोयरिकीचं सगळ्यात चांगलं अपत्य म्हणजे 2017 च्या मॉडेलला आलेली साइडवाइंडर, आणि तिची हिरवी बहीण 9000 मालिका, थंडरकॅट वगैरे. 998 सीसी, तीन सिलिंडर, टर्बो आणि इंटरकूलर, सुमारे दोनशे हॉर्सपॉवर. पुण्याचे मामा, ज्यांची आरएक्स 100 अजून पहिल्या किकमध्ये चालू होते, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "दोनशे? आणि ॲव्हरेज?" गॅलनला बारा ते पंधरा मैल, मामा, आणि प्यायला प्रीमियमच लागतं. "मग काय उपयोग," म्हणाले. बरोबरच आहे. यात उपयोग शोधायला जाऊ नये.

चालवायला कशी? टर्बोची गाडी म्हटल्यावर मला वाटलं होतं, अंगठा दाबल्यावर जरा थांबेल आणि मग उसळेल. तसं होत नाही. खालूनच ओढते, न थांबता ओढत राहते, आणि आवाज असा की मागे कुणी जाड कापड फाडतंय. सरळ, नुकत्याच ग्रूम केलेल्या (यंत्रानं सपाट केलेल्या) ट्रेलवर 137 इंचांचा ट्रॅक खड्डे गिळत जातो. डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल आहे, 146 मैलांचा, लेक सुपीरियरच्या वरच्या टेकड्यांतून जाणारा. तिथं सकाळी लवकर, ग्रूमर नुकताच जाऊन गेलेला असताना ही गाडी म्हणजे सुख आहे. मात्र मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि तळ्यांवर ताशी पन्नास मैलांची मर्यादा आहे. म्हणजे दोनशे घोडे बांधून ठेवायचे आणि त्यांना चारा घालत राहायचं. हा या गाडीतला मूळ विनोद आहे. तो मान्य असेल तरच घ्या.

उणे तीसमध्ये बटण दाबलं की चालू होते, कुरकुर नाही. टू-स्ट्रोकवाले मित्र तेलाचे डबे घेऊन फिरतात, मला ती कटकट नाही. मूठ आणि अंगठा गरम ठेवणारे हीटर चोख. मीटर साधा आहे, आजच्या टीव्हीएवढ्या पडद्यांपुढे जुनाट दिसतो, पण जाड हातमोज्यांनी बटणं दाबता येतात हे मला जास्त महत्त्वाचं.

आता वजन. भरलेल्या टाकीसह तीनशे किलोच्या घरात, आणि त्यातलं बरंचसं पुढे. वळणावळणांच्या जंगलातल्या ट्रेलवर हे जाणवतं: स्की बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात आणि तुम्हाला अंग आत टाकून गाडी वळवावी लागते. स्कीखाली चांगल्या कार्बाइडच्या पट्ट्या बसवल्यावर निम्मा त्रास गेला, पण निम्माच. मऊ बर्फात, ट्रेल सोडून, कमरेएवढ्या पावडरमध्ये जायची हौस असेल तर ही गाडी तुमची नाही. एकदा रुतली की चौघं लागतात. टू-स्ट्रोकवरून येणाऱ्याला आणखी एक गोष्ट खटकेल, अंगठा सोडल्यावर इंजिन मागे ओढून धरतं. मला उतारावर ते आवडायला लागलं.

तळ्यावरच्या उघड्या बर्फाचं वेगळं सांगायला हवं, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. स्लेडचं कूलंट थंड होतं ते ट्रॅकनं उडवलेला बर्फाचा भुगा ट्रॅकवरच्या पत्र्याच्या बोगद्यातल्या हीट एक्स्चेंजरवर आदळतो म्हणून. वारा बर्फ उडवून नेतो, खाली काचेसारखा गोठलेला पृष्ठभाग उरतो, भुगा उडत नाही आणि तापमानाचा काटा चढायला लागतो. बाहेर उणे वीस आणि गाडी तापतेय! त्यासाठी स्क्रॅचर असतात, स्प्रिंगसारख्या तारा, त्या बर्फ खरवडून भुगा वर फेकतात. माझ्या गाडीला आधीच्या मालकानं लावलेल्या होत्या, नसतील तर पहिला खर्च हा करा. तळ्यावर जायच्या आधी बर्फाची जाडी मोजणं तर आलंच. इथल्या डीएनआरचा (राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचा) सल्ला स्लेडसाठी किमान पाच ते सात इंचांचा आहे.

बेल्टचा किस्साही सांगतो. गाडीबरोबर एक स्वस्तातला, मूळ कंपनीचा नसलेला बेल्ट चढवलेला आला होता. जानेवारीत ट्रेलच्या मध्यावर तो फाटला. डावीकडचं पॅनल काढलं तर आतून जळक्या रबराचा भपकारा, आणि बेल्टचे दोरे क्लचच्या मागे शाफ्टला शेवयांसारखे गुंडाळलेले. ते मोजे घालून निघत नाहीत. मोजे काढले की बोटं गोठतात आणि क्लचला हात लागला की भाजतात. दोन मिनिटं दोरे ओढायचे, दोन मिनिटं हात काखेत. सगळे दोरे निघाल्यावर सेकंडरी क्लचच्या चकत्या स्क्रूनं फाकवून नवा बेल्ट घालणं तसं सोपं आहे. त्या वेळात ट्रेलवरनं गेलेल्या प्रत्येक टोळीनं थांबून विचारलं, काही हवंय का. निळे, हिरवे, पिवळे, सगळे. तेव्हापासून यामाहाचाच बेल्ट आणि सीटखाली एक जादा.

आणि आता पार्ट्सची गोष्ट, जिथं ही भागीदारी गिऱ्हाइकाला खरी कळते. इंजिन आणि क्लच यामाहाचे, बाकी बहुतेक अंग कॅटचं. मागच्या सस्पेन्शनमधली एक बेअरिंग वाजायला लागली म्हणून एका दुकानात नेली, तर म्हणाले, हे कॅटचं, तिकडं न्या. तिकडं नेली तर म्हणाले, टाकीवर नाव कुणाचं आहे ते बघा. लग्नात दोघांचं नाव होतं, दुखण्याला कुणाचंच नाही. शेवटी हिरव्या आजोबांनी त्यांच्या जुन्या कॅटलॉगातून कॅटचा नंबर काढून दिला, बेअरिंग चार दिवसांत पोस्टानं आली आणि त्यांच्याच गॅरेजात बसवली. बसवताना शंभरदा ऐकवलं, ते सोडा.

हा नुसता माझा त्रास नाही, इतिहासच तसा घडला. 2017 मध्ये टेक्स्ट्रॉन या अमेरिकन कंपनीनं आर्क्टिक कॅट विकत घेतली. जून 2023 मध्ये यामाहानं सांगितलं की स्नोमोबाइल बंद: जपानात आधीच, युरोपात 2024 च्या मॉडेलनंतर, उत्तर अमेरिकेत 2025 च्या मॉडेलनंतर. लगोलग 2023-24 चा हिवाळा आला, मिनेसोटाच्या नोंदींतला सगळ्यात उबदार, ट्रेलवर गवत. डिसेंबर 2024 मध्ये टेक्स्ट्रॉननं कॅटचंही उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. 2025 मध्ये कॅटच्याच एका जुन्या अधिकाऱ्याच्या पुढाकारानं ती कंपनी पुन्हा विकत घेतली गेली आणि थीफ रिव्हर फॉल्सनं सुस्कारा सोडला.

म्हणून 2013 ला आरडाओरडा करणाऱ्या निळ्यांबद्दल माझं मत असं: गाडीबद्दल ते साफ चुकले. यामाहानं एकटीनं ही गाडी बनवली असती असं मला वाटत नाही, आणि कॅटकडे हे इंजिन नव्हतं. पण त्यांच्या मनात जी पाल चुकचुकली ती खरी ठरली. स्वतःची नवी चेसिस काढणं ज्या दिवशी सोडलं त्या दिवशी यामाहाचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं होतं, फक्त दुसरं पाऊल उचलायला दहा वर्षं लागली. ती दहा वर्षं मिळाली तीही याच भागीदारीमुळं, हे मात्र निळे सोयीनं विसरतात.

घ्यावी का? ट्रेलवर लांब पल्ले मारायचे असतील, स्वतः पाना धरायची तयारी असेल आणि जवळ एखादा कॅटवाला ओळखीचा असेल, तर जरूर. कंपनी गेल्यामुळं काही जण घाबरून विकतायत, घासाघीस करायला वाव आहे. पार्ट्स आणि सर्व्हिस पुढेही देत राहू असं यामाहानं सांगितलंय आणि इंजिनच्या बाबतीत मला अजून अडचण आलेली नाही. पहिलीच स्लेड घेत असाल तर नको. काहीतरी हलकं, 600 च्या आसपासचं टू-स्ट्रोक घ्या. आणि तुमचा जन्म 1976 नंतरचा असेल तर आधी सेफ्टी सर्टिफिकेट काढा, त्याशिवाय सार्वजनिक ट्रेलवर चालवता येत नाही. निळी की हिरवी असं विचाराल तर जिचा ट्रॅक आणि क्लच कमी झिजलेले असतील ती. मी पुढच्या हिवाळ्यासाठी स्लायडर (ज्यावरून ट्रॅक सरकतो त्या पट्ट्या) आणि आणखी एक बेल्ट मागवून ठेवलाय, स्लायडर कॅटच्या नंबरनं, बेल्ट यामाहाच्या.