लाकडी प्रोपेलरसाठी एम८ बोल्ट: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचे मत

आमच्या दोन आसनी मायक्रोलाइट विमानाला रोटॅक्स ५८२ हे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन असून त्यावर मेपलचे थर चिकटवून केलेला दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर बसवलेला आहे. हिवाळा सरताना प्रोपेलर उतरवला, तेव्हा जुने बोल्ट काढून टाकले आणि एम८ (८ मिलिमीटर व्यासाच्या) मापाचे, ८.८ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे पोलादाची ताकद सांगणारा आकडा), डिन ९३१ या जर्मन मानकाच्या नमुन्याचे, झिंक चढवलेले षटकोनी माथ्याचे सहा बोल्ट नायलॉक नटांसह (आत नायलॉनचे कडे असलेले, सहजी सैल न होणारे नट) बसवले. त्यानंतर खान्देशातला पूर्ण उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा या जोडणीने काढला आहे. बोल्ट उत्तम आहेत. मात्र त्यांच्याकडे लक्ष कधी द्यायचे, याबाबतचे माझे मत या काळात बरेच बदलले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर किंवा शिरपुरात प्रशिक्षणासाठी उडणाऱ्या प्रमाणित विमानांना यातले काहीही लागू नाही. तिथे निर्मात्याच्या सुट्या भागांच्या यादीत जो क्रमांक छापलेला असतो तोच बोल्ट लागतो आणि परवानाधारक अभियंत्याची सही लागते. आमच्या विमानाच्या पत्रकात 'एम८, किमान ८.८, कोरड्या आट्यांवर १६ न्यूटन-मीटर' एवढेच लिहिलेले असल्यामुळे निवडीला जागा होती.

निवडीची सुरुवात बहुतेक जण ग्रेडपासून करतात. जळगावच्या बाजारात हायटेन्सिल बोल्ट मागितला की दुकानदार १२.९ चा काळा ॲलन बोल्ट पुढे करतो आणि विमानासाठी हवा आहे असे कळले तर तोच घ्या म्हणून आग्रहही धरतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण हिशेब वेगळे सांगतो. ५८२ इंजिन मिनिटाला ६५०० फेऱ्यांना ४८ किलोवॅट देते, २.५८ च्या गिअरबॉक्समधून प्रोपेलर साधारण २५२० फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे त्याच्यापाशी सुमारे १८२ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) येतो. गिअरबॉक्सच्या ज्या चकतीवर प्रोपेलर बसतो त्या फ्लँजवरच्या छिद्रांचे वर्तुळ ७५ मिलिमीटर व्यासाचे आहे, त्यामुळे त्या वर्तुळावर एकूण ४.८५ किलोन्यूटन, म्हणजे दर बोल्टमागे जेमतेम ०.८ किलोन्यूटन स्पर्शरेषीय बल येते. हे बल बोल्टने कातरीवर पेलायचे नसून फ्लँज आणि लाकूड यांच्यातल्या घर्षणाने पेलायचे असते, आणि बोल्टचे खरे काम ते घर्षण निर्माण होईल इतके आवळून धरणे हे आहे. घर्षणांक ०.२ धरला तर सरासरी पिळासाठी दर बोल्टला ४ किलोन्यूटन पुरतात. टू-स्ट्रोकचे हिसके लक्षात घेऊन ते अडीचपट केले की १० किलोन्यूटन होतात. एम८ च्या ८.८ बोल्टचा प्रूफ लोड (कायमचा न ताणला जाता पेलता येणारा भार) २१ किलोन्यूटनच्या वर असतो. म्हणजे तो निम्म्याहूनही कमी ताणावर काम करतो.

याहून घट्ट आवळण्याची सोय लाकडात नाही. प्रोपेलरच्या पुढच्या बाजूला, बोल्टच्या माथ्यांखाली असलेली ॲल्युमिनियमची दाबचकती १०० मिलिमीटर व्यासाची आहे. मधले छिद्र आणि बोल्टची छिद्रे वजा जाता सुमारे ७००० चौरस मिलिमीटर लाकूड दाबाखाली येते. सहा बोल्टांचे मिळून ६० किलोन्यूटन झाले की त्या लाकडावर साडेआठ मेगापास्कल दाब पडतो, आणि कठीण मेपलची रेषांना आडवी दाब सोसण्याची मर्यादा १० मेगापास्कलच्या आसपास असते. १०.९ किंवा १२.९ चा बोल्ट त्याच्या पूर्ण योग्यतेने आवळला तर तो सुरक्षित राहील आणि हब, म्हणजे प्रोपेलरचा मधला भाग, चेपला जाईल. त्यामुळे जास्त ग्रेडचे पैसे इथे वाया जातात. शिवाय १२.९ इतक्या कठीण पोलादावर विद्युत्-विलेपनाने झिंक चढवले तर हायड्रोजनमुळे ठिसूळपणा येण्याचा धोका असतो, म्हणून तो बहुधा नुसता काळा केलेला मिळतो. असे काळे बोल्ट आमच्या इंजिन चाचणीच्या स्टँडवर आहेत आणि पहिल्या पावसातच त्यांच्या माथ्याच्या खाचेत गंज धरला. स्टेनलेसचा सल्लाही पुष्कळांनी दिला, पण ए२-७० या स्टेनलेस ग्रेडची तन्य शक्ती ७०० मेगापास्कल आणि यील्ड (कायमचे ताणले जाण्याची मर्यादा) ४५० मेगापास्कल, म्हणजे ८.८ च्या ८०० आणि ६४० पेक्षा कमीच. त्यात स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर आवळताना आटे एकमेकांत जाम होतात ते वेगळेच.

विमानात काम केलेले लोक एएन, म्हणजे अमेरिकी विमान-मानकाच्या, बोल्टची आठवण काढतात आणि त्यात तथ्य आहे. एएन५ म्हणजे ५/१६ इंची बोल्ट. त्याची तन्य शक्ती सुमारे ८६० मेगापास्कल, म्हणजे ८.८ च्या थोडी वर. खरा फरक दांड्याच्या मापातल्या काटेकोरपणाचा आणि माल कुठून आला याच्या नोंदीचा आहे. डिन ९३१ च्या एम८ दांड्याला ७.७८ ते ८.०० मिलिमीटर अशी ऐसपैस मुभा आहे, म्हणून मी मायक्रोमीटर घेऊन बसलो आणि ७.९० च्या वरचे तेवढे वेगळे काढले. नोंदीच्या बाबतीत म्हणाल तर किलोवर विकला जाणारा माल घेऊ नये. माथ्यावर ८.८ हा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण अशी दोन्ही असावी लागतात. एका दुकानात मला आकडा असलेले पण खूण नसलेले बोल्ट दाखवण्यात आले, ते मी परत केले. शेवटी मुंबईच्या नागदेवी बाजारातून चाचणी प्रमाणपत्रासह मागवले. ५/१६ आणि एम८ यांच्या व्यासात सहा शतांश मिलिमीटरचाच फरक असल्यामुळे एकाच डब्यात पडले तर डोळ्यांना ओळखू येत नाहीत. आटे मात्र वेगळे असतात, आणि चुकीचा नट दोन-चार फेरे जाऊन बसल्यासारखा वाटतो. आमच्या हँगरमध्ये इंची माल ठेवायचाच नाही, असे आम्ही ठरवले आहे.

लांबीच्या निवडीत सर्वांत जास्त वेळ गेला. हब ७० मिलिमीटर, दाबचकती ६, फ्लँज ८ आणि दोन वॉशर प्रत्येकी १.६, अशी एकूण जाडी ८७.२ भरते. त्यात ८ मिलिमीटरचा नायलॉक आणि बाहेर दोन आटे मिळवले की १०० लांबीचा बोल्ट कसाबसा पुरतो, आणि दुकानदारही तोच देतो. परंतु या नमुन्यात १२५ लांबीपर्यंतच्या एम८ ला २२ मिलिमीटर आटे असतात. १०० च्या बोल्टचा बिनआट्याचा दांडा ७८ वर संपतो, म्हणजे माथा पुढे ठेवला तर नेमका लाकूड आणि फ्लँज यांच्या सांध्यापाशी, आणि फ्लँजच्या छिद्रात नुसते आटे येतात. घर्षण कधी कमी पडलेच तर पहिला मार तिथेच बसणार. माथा मागे ठेवला तर प्रश्न सुटला असता, पण गिअरबॉक्स आणि फ्लँज यांच्यामध्ये १०० मिलिमीटरचा बोल्ट घालायला जागाच नाही. म्हणून ११० चा घेतला. त्याचा दांडा ८८ चा असल्यामुळे नट आट्यांच्या शेवटी अडू नये यासाठी माथ्याखाली दोन जादा वॉशर घातले आणि मागे गिअरबॉक्सच्या दिशेने आलेले जादा टोक कापून, आटे साफ करून, उघड्या पडलेल्या पोलादावर रंग लावला. १०५ हे माप सहज मिळत असते तर हा खटाटोप वाचला असता.

स्प्रिंग वॉशर घातलेले नाहीत. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये आडव्या कंपनांखाली बोल्ट कसे सुटतात ते दाखवून दिले, तेव्हापासून त्या कापलेल्या वॉशरवर विसंबण्याला आधार उरलेला नाही, तरी आपल्याकडे ते प्रत्येक पाकिटात येतातच. नायलॉक मात्र चांगला टिकला. त्याच्या नायलॉनमुळे नट मोकळा फिरवतानाही दीड-दोन न्यूटन-मीटर लागतात. ते आधी मोजून १६ मध्ये मिळवावे लागतात. आट्यांना तेल लावू नये, कारण तेलामुळे त्याच टॉर्कला आवळ सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि लाकडावरचा दाब ११ मेगापास्कलच्या पुढे जाऊन वर सांगितलेली मर्यादा ओलांडतो. टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला टिक् करणारा पाना) ५ ते २५ न्यूटन-मीटरचा स्वतःचा घ्यावा. ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये मिळणारा मोठा पाना या कामासाठी निरुपयोगी आहे. १६ हा आकडा त्याच्या पट्टीच्या खालीच राहतो.

आता ऋतूंविषयी. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. अशा हवेत उघडे लाकूड दीर्घकाळ राहिले तर त्यातला ओलावा चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरतो. पावसाळ्यात तेच पंधराच्या पुढे जाते. वॉर्निशमुळे हा बदल मंदावतो, पण थांबत नाही. उन्हाळ्यात रेंच १६ वर लावून तपासले, तेव्हा टिक् आवाज येण्याआधी नट जवळजवळ पाव फेरा फिरले. एम८ च्या आट्यांचे अंतर १.२५ मिलिमीटर असल्यामुळे पाव फेरा म्हणजे ०.३ मिलिमीटर. १० किलोन्यूटनला बोल्ट स्वतः ०.१ मिलिमीटरही लांबत नाही, म्हणजे उरलेली आवळ बोल्टच्या ताणाने नव्हे, तर दाबलेल्या लाकडाच्या परत फुगण्याने टिकून होती. डिस्क स्प्रिंग (बशीच्या आकाराचा लवचीक वॉशर) घालून ही भरपाई करावी असा विचार केला होता, पण ८.२ मिलिमीटर छिद्राच्या नेहमीच्या स्प्रिंगा एक किलोन्यूटनच्या आसपासच सपाट होतात. १० किलोन्यूटनसाठी मोठ्या मापाच्या लागतील आणि त्यांना दाबचकतीवर जागा नाही.

उन्हाळ्यातली ही सैलावणी सर्वांना ठाऊक असते आणि तिच्यासाठी सगळे तयारही असतात. माझ्या मते त्याहून धोक्याचा काळ पावसाळा संपल्यानंतरचा आहे. पावसात लाकूड फुगते, पण बोल्ट त्याला जागा देत नाहीत. त्यामुळे दाब मर्यादेबाहेर जातो आणि चकतीखालचे तंतू कायमचे चेपले जातात. या काळात रेंच लावला तर तो लगेच टिक् करतो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात आवळ जास्त झालेली असते आणि रेंच ते सांगू शकत नाही. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड सुकते, तेव्हा ते मूळ जाडीपेक्षाही खाली जाते. आम्ही जुलैच्या मध्यावर सर्व नट पूर्ण सैल करून समोरासमोरच्या जोड्यांनी पुन्हा १६ वर आवळले, तरीही नवरात्राच्या सुमारास तपासताना नट उन्हाळ्यापेक्षा जास्त फिरले आणि चकतीच्या कडेला लाकडात बारीक वळ उमटलेला दिसला. फ्लँजच्या बाजूला काळी भुकटी किंवा जळल्याचा डाग नव्हता, म्हणजे प्रोपेलर सरकलेला नव्हता. पात्यांच्या टोकांची चाल, म्हणजे दोन्ही टोके फिरताना एकाच प्रतलातून जातात का यातला फरक, मोजली, ती ३ मिलिमीटरच्या आत होती.

बोल्टांविषयी सांगायचे तर सहाही सरळ आहेत, दांड्यावर घासल्याच्या खुणा नाहीत, झिंक शाबूत आहे; फक्त कापलेल्या टोकांवर रंग उडून तांबूस छटा आली आहे. उन्हाळ्यापूर्वी प्रोपेलर उतरेल तेव्हा नट नवे घालू, कारण त्यांतल्या दोघांचा नायलॉनचा अडसर आता एक न्यूटन-मीटरच्याही खाली आला आहे. बोल्ट तेच राहतील. दाबचकती मात्र ११५ मिलिमीटर व्यासाची करून घेणार आहोत, म्हणजे तेवढ्याच आवळीला लाकडावरचा दाब सुमारे सव्वासहा मेगापास्कलवर येईल. जळगाव एमआयडीसीतल्या एका टर्नरकडे तिचे रेखाचित्र दिलेले आहे.