घोडबंदर रोडची नर्सरी, हिवाळी फुलझाडांसाठी एकदम भरवशाची

ठाण्यात बाल्कनीसाठी सीझनल फुलझाडं घ्यायची असतील तर घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवरची ही नर्सरी नक्की बघा. मुख्य कारण म्हणजे इथले काका चुकीचं झाड गळ्यात मारत नाहीत. मी पेटुनिया मागितले तर आधी विचारलं, ताई बाल्कनी कुठल्या दिशेला आहे? कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही, आणि पेटुनियाला पाच-सहा तास कडक ऊन नसेल तर नुसती पानं वाढतात, फुलं नाहीत. माझी दक्षिणेला आहे म्हटल्यावरच रोपं काढली. शेजारची एक ताई उत्तरेच्या बाल्कनीसाठी झेंडू घेत होती, तिला सरळ नको म्हणाले आणि शोभेच्या पानांची झाडं दाखवली. कोण करतं असं सांगा!

दुसरं म्हणजे रोप निवडायला शिकवतात. भरगच्च फुललेलं मी उचललं होतं, ते म्हणाले हे परत ठेवा, कळ्या असलेलं घ्या, मग पिशवी अलगद उपडी करून मुळं दाखवली, पांढरी आणि मातीच्या कडेपर्यंत आलेली. तपकिरी होऊन गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ते रोप पिशवीत जास्त दिवस अडकलंय, कुंडीत लावल्यावर लवकर जोर धरत नाही. झेंडूचा शेंडा खुडायलाही त्यांनीच सांगितलं, फूल थोडं उशिरा येतं पण फांद्या जास्त फुटतात, आणि सुकलेली फुलं काढत राहिलं की बी धरायच्या आत झाड परत कळ्या देतं, माझ्या झेंडूला आत्ता इतक्या कळ्या आहेत की मोजायचं सोडून दिलंय.

मातीचं मिक्स पण इथलंच घ्या, लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत एकत्र, कारण नुसती लाल माती कुंडीत दगडासारखी बसते आणि मग पाणी वरच साचून राहतं. पेटुनिया आणि डायन्थसची रोपं स्वस्त आहेत, रंग पण भरपूर, फक्त जांभळा लवकर संपतो.

बियांची पाकिटं मात्र इथून घेऊ नका. काउंटरच्या वर उन्हात लटकवलेली असतात, ऊन आणि दमट हवा दोन्ही बियांना वाईट, उगवण कमी होते. झेंडू, झिनियाचं बी चांगल्या जागी ठेवलेलं आणि ताज्या तारखेचं बघून दुसरीकडून घ्या, ही दोन घरी सहज उगवतात. पेटुनियाचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि उगवायला उजेड लागतो, मातीखाली गाडलं की गेलं, त्यामुळे त्याची रोपंच बरी.

पार्किंगचं जमत नाही, रिक्षाने जा. आणि सकाळीच जा, दुपारच्या उन्हात रोपं माना टाकतात तेव्हा कुठलं तजेलदार आणि कुठलं नाही ते कळत नाही. पेटुनिया घ्यायचे असतील तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच घ्या, मार्चमध्ये ऊन तापलं की ते जायला लागतात.